चेनसॉ बंद होत नाही आणि कधी सुरूही होत नाही: कॉइल बदलण्याआधी एक वायर पाहा

तुमचा प्रश्न असा: 58 सीसीची चेनसॉ, तीन पावसाळे काढलेली. स्विच बंदवर ढकलला तरी इंजिन धडधडत राहतं, शेवटी चोक ओढून गप्प करावं लागतं. आणि गेल्या पावसापासून त्याच मशीनचं दुसरं नाटक सुरू झालंय. एखाद्या दिवशी दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ येते, प्लगला ठिणगीच नाही. दोन दिवस खळ्यात उन्हाला ठेवली की तिसऱ्या ओढीला सुरू. दुकानात दाखवलीत तर कॉइल गेली म्हणाले. नवी कॉइल टाकायची का?

आत्ता नको. माझ्याकडे ‘कॉइल गेली’ म्हणून ज्या मशीन येतात, त्यातल्या बऱ्याच जणींची कॉइल ठणठणीत असते. तुमच्या मशीनची दोन दुखणी वरवर एकमेकांच्या उलट दिसतात, पण ती एकाच वाटेवरची आहेत. ती वाट म्हणजे कॉइलपासून स्विचपर्यंत जाणारी वीत-दीड वीत वायर, तिच्या टोकांचे थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या, पट्टीवर खोचायच्या धातूच्या टोप्या) आणि स्विचच्या पोटातल्या दोन पितळी पट्ट्या.

घरातला दिव्याचा स्विच आठवा. बटण दाबलं की आतल्या पट्ट्या जुळतात आणि दिवा लागतो. चेनसॉचा स्विच बरोबर उलटा चालतो. या मशीनला बॅटरी नाही. मॅग्नेट फिरतं (फ्लायव्हीलला आमच्याकडे सगळे मॅग्नेटच म्हणतात), त्यातलं चुंबक कॉइलच्या पायांसमोरून सर्रकन जातं आणि कॉइल आपली वीज आपणच तयार करते. आतलं सर्किट नेमक्या क्षणी पहिल्या गुंडाळीतला प्रवाह तोडतं, दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्टचा झटका उठतो आणि प्लगला ठिणगी पडते. इंजिन बंद करायचं म्हणजे त्या पहिल्या गुंडाळीचं टोक इंजिनच्या धातूला टेकवायचं, अर्थ करायचं. मग वीज तिथल्या तिथे जिरते. म्हणजे स्विच ‘बंद’वर असतो तेव्हा आतल्या पट्ट्या जुळलेल्या असतात, आणि ‘चालू’वर असतो तेव्हा सुटलेल्या.

हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं आहे. वायर तुटली, थिंबल निसटला किंवा पट्टीवर कळंक चढला, तर स्विच बंदवर असूनही अर्थ मिळत नाही. मशीन बंद होत नाही. तीच वायर कुठेतरी सोलवटून धातूला टेकली, तर स्विच चालूवर असूनही अर्थ होत राहतो. मशीन सुरूच होत नाही. आणि वायर अशा जागी तुटली, की स्विचकडचा तुकडा सुटलाय पण कॉइलकडचं उघडं टोक सिलिंडरच्या पात्यांजवळ (सिलिंडरभोवतीच्या, तो थंड ठेवणाऱ्या धातूच्या कडांजवळ) लोंबतंय, तर दोन्ही तक्रारी एकाच मशीनला. कोरडं असेल तर टोक अधांतरी, मशीन सुरू होते पण बंद होत नाही. ओला भुसा टोकाभोवती साचला, की त्यातूनच अर्थ होतो आणि ठिणगी गायब. उन्हात ठेवल्यावर सुरू होते, असं तुम्ही लिहिलंत तेव्हाच माझी शंका तिकडे गेली.

दुरुस्ती होईपर्यंत मशीन कामाला नेऊ नका. चोकने बंद होते ना, मग चालवू की, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. चोक ओढल्यावर इंजिन पेट्रोलने गुदमरून मरतं, त्याला दोन-चार सेकंद लागतात. फांदी अंगावर यायला तेवढा वेळ लागत नाही.

तौक्ते वादळानंतरची, 2021 च्या मे महिन्यातली गोष्ट सांगतो. सिंधुदुर्गात रस्तोरस्ती आंबे, फणस, माड आडवे झाले होते आणि ज्याच्या घरात म्हणून चेनसॉ होती, तो ती घेऊन बाहेर पडला होता. चार-पाच वर्षं माळ्यावर पडलेल्या मशीनसुद्धा खाली आल्या. आमच्या शेजारच्या वाडीतला एक गडी फणसाचा आडवा बुंधा कापत होता. पान (चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी) अडकलं म्हणून त्याने स्विच मारला, मशीन थांबेना. घाबरून त्याने काय करावं? प्लगची टोपी हाताने उपटली. बसला सणसणीत झटका, हात मागे आला आणि मशीन पायाजवळ पडली. चेन ब्रेक (पुढे ढकलला की चेन थांबवणारा दांडा) लागलेला होता म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी मशीन माझ्याकडे आली तेव्हा तो म्हणाला, “मेस्त्री, स्विच तर नवोच आसा!” स्विच खरंच नवा होता. स्विचमागचा थिंबल निघून हँडलच्या खाचेत पडला होता.

तेव्हा कामावर असताना स्विचने दगा दिलाच, तर आधी रेसवरचं बोट काढा, चेन ब्रेक पुढे ढकला, मशीन जमिनीवर टेकवा आणि चोक पूर्ण ओढा. चालत्या इंजिनच्या प्लगला हात लावायचा नाही. चोकनेही ऐकलं नाही, तर ब्रेक लावून हळू चालीवर तशीच राहू द्या, पेट्रोल संपेल. ब्रेक लागलेला असताना रेस मात्र देऊ नका, क्लच जळतो.

आता मशीन उघडू. इंजिन थंड हवं, प्लगची टोपी काढलेली हवी. शक्य असेल तर पान आणि चेन उतरवून ठेवा. हातमोजे घालून चेनशी झटापट करत बारीक वायर धरता येत नाही, आणि हातमोज्यांशिवाय चेन बोट सोडत नाही. तुमच्या प्रकारच्या मशीनला 4 मिलीमीटरची एलन की बहुतेक सगळीकडे चालते. स्टिल (Stihl) कंपनीच्या मशीनला चांदणीच्या आकाराचा टी-27 लागतो.

एअर फिल्टरचं झाकण आणि फिल्टर काढलात की मागच्या हँडलजवळ स्विचची पाठ दिसते. तिच्यात दोन वायरी घुसलेल्या असतात. एक कॉइलकडे जाते, दुसरी इंजिनच्या धातूला एखाद्या स्क्रूखाली आवळलेली असते. दुसरी वायर कशाला, असा प्रश्न पडेल. हँडल आणि इंजिन यांच्यामध्ये हाताला हादरे बसू नयेत म्हणून रबराचे बुश किंवा स्प्रिंगा असतात, शिवाय हँडल प्लास्टिकचं. स्विचला अर्थ आपोआप मिळत नाही, तो वायरने आणून द्यावा लागतो. आणि नेमकी इथेच खोड आहे: इंजिन आपल्या तालावर नाचतं, हँडल आपल्या, आणि वायर दोघांनाही बांधलेली. ती तुटते ती बहुतेक या सांध्यात, नाहीतर थिंबलच्या मानेशी. मान म्हणजे जिथे वायर थिंबलमध्ये शिरते ती जागा. बाहेरून आवरण शाबूत दिसतं आणि आतल्या तारा तुटलेल्या असतात. म्हणून नुसतं पाहू नका, दोन बोटांत धरून हलकेच ओढा. तार शाबूत असेल तर वायर ताठ राहते. आतून तुटली असेल तर आवरण रबरासारखं ताणलं जातं. ही परीक्षा मीटरपेक्षा लवकर होते.

मग दोरीकडचं झाकण काढा, चार स्क्रू असतात. आत मॅग्नेट आणि त्याच्या काठाशी कॉइल दिसेल. तिथे पहिल्यांदा श्वास घेऊन फुंकर मारू नका, डोळ्यांत भुसा जाईल. जुना टूथब्रश घ्या. आपल्याकडचा भुसा एका जातीचा नाही. काजूचा चिकटून बसतो. माडाचा तंतूतंतूंचा, कापसासारखा गुंतून बसतो आणि ओल धरून ठेवतो. सागाचा त्या मानाने सभ्य, झटकला की जातो. वापरात नसलेल्या मशीनमध्ये कुंभारणीने (कुंभारीण माशीने) मातीचं घर केलेलंही मी पाहिलंय, अगदी कॉइलच्या पायाशी. आणि मांगरात, म्हणजे शेतावरच्या खोपीत, ठेवलेली मशीन असेल तर उंदराने वायर कुरतडली आहे का तेही पाहा. उंदराचे दात ओळखू येतात, आवरण तिरकं सोललेलं असतं. घासून गेलेली वायर चपटी आणि चकचकीत होते.

आता मुख्य परीक्षा. कॉइलच्या अंगावर एक छोटी पितळी पट्टी बाहेर आलेली असते, तिच्यावर स्विचची वायर खोचलेली असते. ती पक्कडीने थिंबल धरून काढा, वायर धरून ओढू नका. काढलेलं टोक धातूपासून लांब, चिकटपट्टीत गुंडाळून ठेवा. झाकणाला दोरी असते, म्हणून ते दोन स्क्रूंवर परत लावा. प्लग काढा, टोपीत बसवा, प्लगचे आटे सिलिंडरच्या उघड्या धातूला घट्ट टेकवून धरा आणि दोरी ओढा. प्लग त्याच्या भोकापासून लांब धरायचा आणि भोकावर कापड टाकायचं, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते. टोपी धरायला रबरी मुठीची पक्कड वापरा. आणि प्लग धातूला टेकलेलाच हवा. ठिणगीला वाट मिळाली नाही तर ती कॉइलच्या आतच वाट शोधते आणि मग दुकानदाराचं म्हणणं खरं होतं.

वायर काढल्यावर निळी, टपोरी ठिणगी पडली, पण वायर परत लावून स्विच चालूवर ठेवल्यावर पडली नाही, तर कॉइलचा प्रश्न मिटला. दोष वायरीत किंवा स्विचमध्ये आहे. वायर काढूनही ठिणगी नसेल, तर आधी दुसरा, नक्की चालणारा प्लग लावून पाहा. मग टोपीतली स्प्रिंग वायरीत रुतलेली आहे का ते पाहा. मग कॉइल आणि मॅग्नेटमधली फट पाहा. तिन्ही ठीक असूनही ठिणगी नसेल तरच कॉइलवर बोट ठेवायचं. एवढं सगळं ओल्या दिवशी करा. मशीन सुरू होत असताना ही परीक्षा केलीत तर ती नापास करणार कुणाला?

ठिणगीनंतर मल्टिमीटर. दुचाकीच्या गॅरेजवाल्याकडे असतो, अर्धा तास मागून आणा. वायर कॉइलवरून काढलेलीच ठेवा, हे विसरू नका. वायर कॉइलला जोडलेली असताना मीटर लावला, तर कॉइलची आतली गुंडाळीच मीटरला दिसते, मीटर वाजतो आणि वायर चांगली असताना अर्थ झाल्यासारखी वाटते. बरेच जण इथे फसतात. मीटर आवाजाच्या खुणेवर ठेवा, एक टोक काढलेल्या थिंबलला, दुसरं सिलिंडरच्या पात्याला. रंग लावलेली जागा नको, खरवडून घ्या. स्विच बंदवर: मीटर वाजला पाहिजे, आकडा एक ओहमच्या आत. स्विच चालूवर: मीटर गप्प. आता दोन्ही वेळा हँडल इंजिनच्या तुलनेत हलवा, वायर ठिकठिकाणी दाबा, वाकवा. आकडा थरथरला किंवा आवाज तुटक आला, की जागा सापडली.

मीटर नसेल तर टॉर्चचा सेल, छोटा बल्ब आणि दोन वायरींचे तुकडे यांनीही हेच करता येतं. फक्त सेलचा प्रवाह कॉइलमध्ये जाऊ द्यायचा नाही. वायर काढलेली हवी. एकाने गाडीची 12 व्होल्टची बॅटरी स्विचच्या वायरीला लावून पाहिली होती, “करंट येतोय का ते बघत होतो,” म्हणाला. त्याची कॉइल मात्र खरोखरच गेली.

दोष कुठे आहे हे कळलं की काम अर्ध्या तासाचं. पट्टी आणि थिंबल हिरवे पडले असतील, तर बारीक पॉलिश पेपरने पितळ चमकेपर्यंत घासा आणि काँटॅक्ट क्लीनर मारून कोरडं होऊ द्या. घरच्या तांब्याच्या कळशीचा कळंक आपण आमसुलाने काढतो, तशी आयडिया इथे करू नका. आंबट पाणी थिंबलच्या मानेत शिरतं, धुऊन निघत नाही, आणि महिन्याभरात आधीपेक्षा जास्त हिरवळ उगवते. किनाऱ्याच्या गावांत मीठ हवेतच असतं. वेंगुर्ले-मालवणच्या मशीनचे थिंबल मी आंबोलीकडच्या मशीनपेक्षा कितीतरी लवकर सडलेले पाहतो, पाऊस आंबोलीत जास्त असूनसुद्धा.

थिंबल ढिला झाला असेल, तर त्याच्या दुमडलेल्या कडा पक्कडीने किंचित दाबा, पट्टीवर बसताना जोर लागला पाहिजे. मान सडली असेल तर थिंबलच बदला. बाजारात 4.8 आणि 6.3 मिलीमीटर ही मापं सहज मिळतात, जुना थिंबल खिशात घालूनच दुकानात जा.

वायर बदलायची असेल तर पूर्ण बदला, मधे जोड नको. दुचाकीच्या वायरिंगला वापरतात ती बारीक तारांची, 0.75 चौरस मिलीमीटरची वायर घ्या. घरगुती वायरिंगमधली एकतारी वायर अजिबात नको, ती हादऱ्याने आठवड्यात तुटते. सिलिंडरजवळून जाणार असेल तर उष्णता सोसणारी सिलिकॉनच्या आवरणाची मिळाली तर उत्तम.

कथलाचा डाग द्यायचा की नुसतं दाबायचं, यावर आमच्या धंद्यात वाद आहेत. मी दाबतो. डाग दिला की कथील तारांमधून पुढे चढतं, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो, आणि ताठ भाग जिथे संपतो तिथेच वायर हादऱ्याने तुटते. रेडिओमध्ये डाग चांगला, कारण रेडिओ थरथरत नाही. थिंबल चांगल्या क्रिंपिंग पक्कडीने दाबा, मग जोरात ओढून पाहा. निघाला तर तो आत्ता निघालेला बरा. मानेवर हीट श्रिंक ट्यूबचा (तापवल्यावर आवळणाऱ्या नळीचा) तुकडा चढवा. दाबल्यावर, जोडणी बसल्यावर, वरून व्हॅसलिनचा पातळ हात फिरवला तर खारी हवा आत शिरत नाही. आधी लावू नका.

वायर नेण्याची वाट जुन्या वायरीचीच ठेवा. कंपनीने तिच्यासाठी खाच किंवा रबरी बुश दिलेला असतो, तो काही झालं तरी टाळू नका. इंजिन आणि हँडलच्या सांध्यात बोटाच्या पेराएवढा सैलपणा सोडा. सायलेन्सरला, मॅग्नेटला आणि रेसच्या तारेला ती शिवता कामा नये. झाकण बसवताना वायर त्याच्या कडेखाली चिरडत नाही ना, हे एकदा बोट फिरवून पाहा. नवी वायर घालून मशीन सुरूच होत नाही अशी तक्रार घेऊन लोक येतात, ती निम्म्या वेळा इथली.

वायरीपर्यंत पोचायला कॉइल उचलावी लागली असेल, तर परत बसवताना फट जुळवावीच लागते. कॉइलच्या दोन्ही पायांत आणि मॅग्नेटमध्ये साधारण 0.3 मिलीमीटर अंतर हवं. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नसेल तर जाडसर व्हिजिटिंग कार्ड चालतं. मॅग्नेटचं चुंबक कॉइलसमोर आणा, मधे कार्ड घाला, स्क्रू ढिले ठेवा. कॉइल आपणहून चिकटते. स्क्रू आवळा, कार्ड काढा, मॅग्नेट हाताने पूर्ण फिरवा. घासल्याचा आवाज आला तर पुन्हा. चुंबकावर गंज चढला असेल तर तो आताच घासून काढा.

आता स्विच. आतल्या पट्ट्या घासून, क्लीनर मारून, दहा-वीस वेळा खटखट केल्यावर आकडा स्थिर येत असेल तर तोच ठेवा. येत नसेल तर त्याच मशीनचा स्विच आणा. इलेक्ट्रिकच्या दुकानातलं दिव्याचं बटण लावायचा मोह होतो, ते खाचेत बसतंही. पण त्या बटणावर उभी रेघ म्हणजे जुळलेलं आणि गोल म्हणजे सुटलेलं. चेनसॉला लावलं की उभ्या रेघेवर मशीन बंद आणि गोलावर चालू. एका बागायतदाराने असंच केलं होतं, स्वतःला सवयही करून घेतली होती. मग एका दिवशी मशीन दुसऱ्याच गड्याच्या हातात गेली. अडचणीत त्याने गोलाकडे बटण मारलं आणि इंजिन चालूच राहिलं. सुदैवाने चोक जवळ होता. मी ते बटण काढून त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, “काका, ह्या गोठ्यातल्या दिव्याक लावा.”

ज्या मशीनला चोक, चालू आणि बंद हे सगळं एकाच दांड्यावर असतं, त्यांची गोष्ट थोडी वेगळी. स्टिलच्या बऱ्याच मॉडेलना तसं आहे, दांडा सगळ्यात वर नेला की बंद. तिथे सुटा स्विच नसतो. दांड्याच्या दांडीवरची पट्टी एका स्प्रिंगसारख्या पत्र्याला टेकते आणि अर्थ होतो. तेल आणि भुशाचा लगदा त्या पत्र्यावर बसतो, किंवा पत्रा वाकून टेकायचाच राहतो. लगदा साफ करा, पत्रा हलक्या हाताने जागेवर आणा. जास्त वाकवलात तर चालूवर असतानाही टेकेल. काही नव्या मशीनचं बंद करायचं बटण सोडलं की आपोआप परत चालूवर येतं. तो दोष नाही, तशीच रचना आहे. इंजिन पूर्ण थांबेपर्यंत दाबून धरायचं एवढंच.

सगळं बसवल्यावर एक परीक्षा उलटी करा. चेन लावण्याआधी, प्लग बाहेर, सिलिंडरला टेकलेला. स्विच बंदवर ठेवून दोरी ओढा. ठिणगी दिसता कामा नये. हँडल हलवत पाच-सहा वेळा ओढा. मग स्विच चालूवर, ठिणगी दिसली पाहिजे. त्यानंतरच पान-चेन चढवून मशीन सुरू करा आणि हळू चालीवर, मग थोड्या रेसवर, मग गरम झाल्यावर अशी तीनदा स्विचने बंद करून पाहा. तिन्ही वेळा लगेच मेली पाहिजे.

गरम झाल्यावरच बंद होत नसेल, म्हणजे थंड असताना स्विच चोख काम करतोय, बंदवर ठिणगी नाही, पण तासभर ऐन किंवा किंजळ या झाडांचं लाकूड कापल्यावर स्विच मारूनही इंजिन भक-भक करत काही फेरे घेत राहतंय, तर ते वायरीचं काम नाही. तेव्हा ठिणगी बंदच असते. आतला निखाऱ्यासारखा तापलेला कार्बन किंवा प्लगचं टोक पेट्रोल पेटवत असतं. अशा वेळी बहुतेक मिश्रणात पेट्रोल कमी पडत असतं: कार्ब्युरेटर अडकलेला, किंवा कुठून तरी जादा हवा ओढली जाते आहे. नाहीतर चुकीच्या नंबरचा प्लग बसवलेला असतो. तशीच दामटली तर पिस्टनवर ओरखडे पडतात, आणि त्यापुढे कॉइलची किंमत काहीच नाही.

तुम्ही आधी कॉइलवरची वायर काढून ओल्या दिवशी ठिणगी पाहा. काय दिसलं ते, आणि प्लगच्या नाकाचा रंग काळा, विटकरी की पांढरा ते लिहा. पांढरा असेल तर कार्ब्युरेटर उघडण्याआधी माझ्याशी बोला.